अक्षी नव्वदाला अडलीय

नाय नाय सर, तुमी बसा हो— त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते, तुमच्यासारखा पैलवान तिला कसा झेपायचा, इकडं बाकावर बसा. अक्षी गोठ्यात हाय, येईल. शहापूरवरनं शेणव्यापर्यंत फटफटी दामटत आलात, तेवा आता चहा घ्या नि माझं पण ऐका. तुमी म्हणता काय— पोरगी नव्वद किलोला अडलीय. दिवाळीपासून अडलीय. सोमवारी ते लोखंड उचलताना डोळ्यांपुढं अंधारी आली नि मटकन खाली बसली. जत्रा उठली की मुरबाडला निवड, शंभर उचललं नाय तर जिल्ह्याच्या टीममदी जागा नाय. आणि एवढं सगळं सांगून वर मलाच विचारता, घरी काय झालंय? घरी काय व्हायचं! घरी सगळं जाग्यावर हाय. तुमच्या जिममदीच बगा— ती दांडी कुणी खिळे मारून ठोकलीय काय जमिनीत?

तुमाला वाटत असंल, आईलाच नको असंल. व्वा! शेजारची हौसा मला म्हणते, गो, पोरीचे खांदे बग, कोण करील हिला? मी म्हटलं, हिला जो उचलता येईल तो. मागल्या साली भाताचे भारे वाहताना बाप्ये दोन खेपांत टेकले, अक्षी गाणं म्हणत जात होती— तेवाच मी ओळखलं. तुमी काय, नंतर आलात. आणि अडली म्हटल्यावर तुमी केलंत काय? पाय थोडा बाहेर. मग पाय थोडा आत. मग पट्टा बदल, मग बूट बदल. वजन उचलायला शिकवताय का शिमग्याला नाचवायला? मी एवढं बोलत नाय कधी, पण काय हाय ना सर— झटले ती मी.

खाणं? खाण्याचं नाव काढू नका. आमच्या घरात खायला कमी? कोंबड्या रोज अंडी घालतात, टोपली भरलीय. सुकट हाय, बोंबील हाय, नाचणी हाय— हां, आता अक्षी अंडं-मासळी शिवत नाय, निवड होईपर्यंत, ते वेगळं. नवसच तसा हाय. मी बोललेय ना गावदेवीला! तिनं सांगितलं नाय तुमाला? कशी सांगेल, मीच म्हटलं होतं, नवस चारचौघांत बोलू नये. आधी तिला नुसता सोमवार धरायला लावला. साबुदाण्यावर. वजन हलेना. मग गुरुवार धरला. तरी हलेना. मग मारुतीचा शनिवार— शेवटी ताकदीचा देव तो, त्याला वगळून कसं चालंल? तरी तुमचं लोखंड ढिम्म. म्हटलं, आपलंच कुठं तरी कमी पडतंय, साबुदाणा पण बंद केला. नुसता चहा, दिवस बुडल्यावर भात. तुमी दांडीला वजनं वाढवता, मी उपास वाढवले. सांगा आता, कुणी जास्त केलं?

काय झालं? चहा का ठेवला खाली? साखर कमी झाली?

वार? वार मुद्दाम तेच धरले ना सर. तुमचा उचलायचा क्लास सोमवारी, गुरुवारी, शनिवारी— हो ना? मग देवाचं बळ त्याच दिवशी पाठीशी पायजे. बुधवारी उपास करून काय उपेग, बुधवारी ती उचलते कुठं— बुधवारी ती नुसती...

नुसती जेवते.

थांबा. बोलू नका. म्हणजे ज्या ज्या दिवशी पोरगी लोखंडाला हात लावते, त्या त्या दिवशी पोटात— आणि ती अडली की मी आणखी— आणि ती मेली एका शब्दानं बोलली नाय! वरनं मला विचारते, आई, आज दिवा मी लावू? अहो, मला वाटलं, देवाला पोचत नाय. मी देवाला दोष देत होते सर. आणि तुमाला पण दिला, आताच, चहा पाजून. माझ्या हातानं मी माझ्या पोरीला... जीव तुटतोय हो माझा.

आणि ती गावदेवी बगा! तिला दर जत्रेला कोंबडं लागतं. एक साल चुकलं तर गावावर कोपते. स्वतः कोंबडं खाणार नि माझ्या पोरीनं चहावर शंभर किलो उचलायचं! नाय, नवस मोडायचा नाय, मोडू नये. मी बोललेय, मी फेडीन. तिन्ही वार नि अंडं-मासळीचं पण माझ्यावर घेते, मला कुठं मुरबाडला लोखंड उचलायला जायचंय. कोपायचं तर माझ्यावर कोप म्हणावं, घर ठाऊक हाय तिला.

आज वार कुठला? गुरुवार ना? म्हणजे सकाळपासून ती— आणि मी तिला गोठा झाडायला... अक्षे! गो अक्षे! ठेव तो झाडू. ठेव म्हणते ना! हातपाय धू नि चुलीपाशी ये, अंडी फोडते. नाय, देवीला मी सांगितलंय. आता सांगितलंय, सरांच्या समोर.

उठा सर, निघा तुमी. राग नका धरू. परक्या माणसासमोर ती पोटभर जेवायची नाय.