औषधांचे मडके फोडल्याबाबत

मी श्रीमती इंदुमती बाजीराव आहेर, वय ५८ वर्षे, व्यवसाय निवृत्त ग्रंथपाल (ठाणे अंमलदारांनी आधी "घरकाम" लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडले), राहणार निर्मळ अपार्टमेंट, गंगापूर रोड, नाशिक, आज दिनांक ४ मार्च २००३ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते की,

मी आणि गुलजारबी शाळेत असताना एकाच वसतिगृहात राहत होतो. रविवारी संध्याकाळी न्हाणीघरामागे, जिथे मुलींचे फ्रॉक वाळत असत, तिथे आम्ही दोघी उकिडव्या बसून नखांचा लाल रंग काढत असू. रंग तिच्या मुंबईच्या मावसबहिणीने आणलेला. तो काढायचे औषधही तिनेच आणलेले, निळ्या झाकणाच्या छोट्या बाटलीत. सोमवारी प्रार्थनेनंतर सिस्टर बर्नाडेट सगळ्यांचे हात बघत. नखे स्वच्छ दिसली तरी त्या वाकून बोटांचा वास घेत, कारण त्या औषधाचा गोडसर, नाकात चढणारा वास मागे राहतो. गुलजार त्यावर उपाय म्हणून बोटांना कांदा चोळी. येवल्याची मुलगी, तिच्या ट्रंकेत कांदा असायचाच. स्वयंपाकघरात मदत करत होते, असे ती निरागस चेहऱ्याने सांगे. सिस्टरांनी त्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही.

ठाणे अंमलदार हवालदार यादव यांनी विचारले, "मॅडम, मडकं फुटलं त्याच्याशी याचा काय संबंध?" संबंध पुढे येतो. लिहून घ्यावे, असे मी सांगितले.

गुलजारबी इसाक शेख ही आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. तिचे पती हयात नाहीत, माझेही नाहीत. तिची मुलगी जिया पुण्यात असते. गुलजारला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे व ती सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घेते. बाटल्या माझ्या फ्रिजच्या दारात, दह्याच्या वाटीशेजारी असतात. ती खाली येते, स्वतः टोचून घेते, आणि मग आम्ही दोघी जेवतो. भाकरी, पालेभाजी, वरण. या व्यवस्थेबद्दल गुलजारच्या पोटाच्या कातडीखेरीज कोणाचीही तक्रार नव्हती.

फेब्रुवारीत वर्तमानपत्रातून एक पत्रक आले. "द्राक्षकल्प शिबिर. फक्त द्राक्षे खा, मधुमेह मुळापासून घालवा." खाली ज्ञानेश नावाच्या इसमाचा फोटो, पांढरा कुडता, हातात द्राक्षांचा घड. हा इसम काही वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर दारोदार पाण्याचे फिल्टर विकत असे. तेव्हा त्याच्या मते सर्व रोगांचे मूळ पाणी होते. आता सर्व रोगांचे मूळ औषधे आहेत, आणि तो ज्ञानेशजी आहे.

मी गुलजारला म्हणाले, "गुलू, द्राक्ष म्हणजे साखरेची पिशवी."

"पण कुदरती साखर आहे ना, इंदू. नैसर्गिक."

"धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं."

"तू ना, अगदी सिस्टरसारखी बोलतेस. टोचून टोचून चाळण झालीय माझी. थोडे दिवस तरी माणसासारखं जगू दे."

मी तिची पिशवी भरून दिली. ती भरून दिली ही माझी चूक, असे नमूद करावे.

शिबिर २७ फेब्रुवारीपासून गंगापूर धरणाच्या बाजूला एका मळ्यातल्या बंगल्यात होते. तिला पोहोचवायला मी गेले होते, म्हणून पहिला कार्यक्रम मी डोळ्यांनी पाहिला. मांडवाच्या तोंडाशी झेंडूची माळ घातलेले एक मडके ठेवले होते. प्रत्येकाने पुढे येऊन आपली औषधे त्यात टाकायची व बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. याला औषध-विसर्जन म्हणतात. एका निवृत्त प्राचार्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या. बँकेच्या एका मॅनेजरने हृदयाच्या टाकल्या आणि वळून हात जोडले. सगळे शिकलेले लोक होते, पत्रक त्यांना वाचता येत होते, तोच घोटाळा. गुलजारने इन्शुलिनच्या बाटल्या आणि सिरिंजचा डबा टाकला. ज्ञानेश म्हणाला, "बेडी तुटली!" मडक्याला लाल फडके बांधून ते तिथेच उन्हात ठेवले. इन्शुलिन थंड जागी ठेवायचे असते, असे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, थंड वस्तूंनीच तर रोग होतात."

द्राक्षे बागेतून क्रेटमधून थेट येत होती. मण्यांवर फवारणीचे निळसर डाग होते. ती धुता कुठे, असे मी तिथला स्वयंसेवक कुंदन याला विचारले. तो म्हणाला, "आजी, धुतल्यावर फळाची शक्ती जाते." वसतिगृहात द्राक्षे नळाच्या धारेखाली चोळून धुतल्याशिवाय सिस्टर ताटात वाढू देत नसत. त्या तिथे असत्या तर त्यांनी आधी कुंदनला धुतला असता.

काल सकाळी गुलजारचा शिबिरातून फोन आला. वेळ विचारण्यात आली. घड्याळ पाहिले नाही, दूधवाला येऊन गेला होता. ती हळूहळू, शब्द शोधत बोलत होती. "इंदू, तहान जातच नाही गं. सारखं बाथरूम. उलट्या पण होतायत. हे म्हणतात, शुद्धी चाललीय." नंतर ती म्हणाली, "भाकरी केलीस का?" आणि फोन ठेवला.

मी डबा घेतला आणि कोपऱ्यावरच्या गोटीराम यांची रिक्षा केली. फाटकाशी कुंदन आडवा आला. "आजी, शिबिरात घरचं अन्न चालत नाही."

"मलाही तुमचं शिबिर चालत नाही. सरक."

गुलजार आतल्या खोलीत गादीवर होती. ती पडून होती, तरी चार जिने चढून आल्यासारखा खोल, भरभर श्वास घेत होती. हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटले. ओठ कोरडे पडले होते, चष्मा उशाशी पडला होता. शेजारी दोन बायका बसल्या होत्या. त्यातली एक कौतुकाने म्हणाली, "बघा ना, यांच्या श्वासाला कसा फळांचा सुगंध येतोय!" ज्ञानेश दारात उभा होता. "विष निघून गेलं, ताई. आता श्वाससुद्धा द्राक्षाचा झाला."

मी वाकून वास घेतला. मी म्हणाले, "हा द्राक्षाचा वास नाही. हा नखांचा रंग काढायच्या औषधाचा वास आहे. आणि हिची नखं बघा, रंगवलेली नाहीत."

हवालदार यादव यांना संबंध आता कळला असावा, कारण त्यांनी पुढे विचारले नाही.

या वासाचा अर्थ तिच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना फार पूर्वी समोर बसवून सांगितला होता. इन्शुलिन बंद पडले की रक्तातली साखर शरीराला वापरता येत नाही. मग ते आपलीच चरबी जाळू लागते आणि त्यातून विष तयार होते. तहान, उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, गुंगी, आणि तोंडाला हा वास. असे काही दिसले तर घरी उपाय करायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. "सरळ" हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला होता.

मी ज्ञानेशला मडके उघडायला सांगितले. ती कोणते इन्शुलिन घेते हे दवाखान्यात मला विचारले जाणार होते, आणि बाटलीवरचे नाव मला तोंडपाठ नव्हते. तो म्हणाला, "समारोपाआधी मडकं उघडलं तर सगळ्यांचा कल्प मोडतो." मी दुसऱ्यांदा सांगितले. तो म्हणाला, "ताई, श्रद्धा ठेवा." तेव्हा मी मांडवाच्या तोंडाशी जाऊन हातातला स्टीलचा डबा मडक्यावर घातला. मडके एका फटक्यात फुटले. ते भाजलेलेही धड नव्हते.

बाटली हाताला कढत लागली, तिच्यावरचे नाव मी वाचून घेतले आणि ती तिथेच ठेवली. त्यातले इन्शुलिन मी गुलजारला टोचलेले नाही, तक्रारीत तसे लिहिले असेल तर ते खोटे आहे. बिघडलेले औषध अंदाजाने टोचणे हा ज्ञानेशच्या दर्जाचा उद्योग झाला. मी आणि गोटीराम यांनी तिला त्यांच्याच चादरीत घालून रिक्षात ठेवले. "तिचा संकल्प मोडताय तुम्ही!" असे ज्ञानेश मागून ओरडत होता. गोटीराम यांनी रिक्षा सुरू करता करता त्याला उत्तर दिले. ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण माझी त्याला सहमती आहे.

दवाखान्यात साखर इतकी निघाली की मोजायच्या यंत्राने आकडा दाखवायचेच सोडून दिले. डॉक्टरीणबाई तिच्या तोंडाशी वाकल्या, वास घेतला आणि धावल्या. सिस्टर बर्नाडेटही अशाच वाकत. सलाईन व इन्शुलिन लगेच सुरू झाले. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." एवढे बोलून त्या पुन्हा गुलजारच्या खाटेकडे गेल्या. आज सकाळपर्यंत गुलजार शुद्धीवर आलेली नव्हती. जिया पुण्याहून आली आहे व बाहेरच्या बाकावर बसून आहे.

ज्ञानेशची तक्रार मला वाचून दाखवली. परवानगीशिवाय आत शिरले, हे खरे. मडके फोडले, हे खरे. शिबिरार्थींच्या भावना दुखावल्या, हे खरे असल्यास बरे वाटेल. रुग्णाला बळजबरीने पळवले, हे खोटे आहे. बळजबरी करायला समोरच्याने विरोध करावा लागतो, आणि तिच्यात तेवढी ताकद त्याने ठेवली नव्हती.

हवालदार यादव यांनी लिहिता लिहिता सांगितले की त्यांनाही शुगर आहे, आणि ज्ञानेशच्या शिबिराच्या पुढच्या तुकडीत त्यांनी नाव दिले आहे. पत्रक त्यांच्या ड्रॉवरमध्ये होते. हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते. मी लिहायला लावले. गोळी बदलायची, कमी करायची की बंद करायची हे त्यांनी रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, फिल्टर विकणाऱ्याला नव्हे. ते "बरं मॅडम" म्हणाले आहेत.

हे सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. हवालदारांनी मोठ्याने वाचले, दोन ठिकाणी मी शब्द सुधारले, आता बरोबर आहे.

पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या वस्तूंबाबत माझे म्हणणे असे. मडक्याची खापरे, माळ व फडके ज्ञानेशला परत करावे. त्यातल्या गोळ्या एकमेकांत मिसळल्या आहेत, त्या रंग बघून कोणालाही वाटू नयेत. प्राचार्य, मॅनेजर व इतरांना आजच्या आज निरोप पाठवून आपापल्या डॉक्टरांकडे धाडावे. इन्शुलिनच्या बाटल्या उन्हात बिघडल्या आहेत, त्या पुराव्याचे काम झाले की फेकाव्यात, सुया झाकण लावून दवाखान्यात द्याव्यात, कचऱ्यात नको. द्राक्षांच्या क्रेटमधला नमुना तपासणीला ठेवून बाकीची द्राक्षे ठाण्यातल्या लोकांनी वाहत्या पाण्याखाली चोळून धुऊन घरी न्यावीत. हवालदार यादव यांना त्यातली देऊ नयेत. डबा मला द्यावा. आतली भाकरी कालची आहे, ती कोणी खाऊ नये. गोटीराम यांची चादर मी धुऊन त्यांना पोहोचवीन.

गुलजारबीचा चष्मा मात्र पंचनाम्यात अडकवू नये, तो आत्ता माझ्या हातात द्यावा. ती डोळे उघडेल तेव्हा आपल्याला कोण रागावते आहे, ते तिला स्पष्ट दिसले पाहिजे.