चांद्याचा नवस

चौक गावच्या नालबंदाकडे बैलांची रांग लागली होती. माझ्यापुढे लोधिवलीचं एक जोडपं छपराची बैलगाडी सोडून बसलं होतं. शिवरात्रीला घारापुरीच्या बेटावर जायचा त्यांचा बेत चालला होता.

"इंदे, गाडीतच निजायचं, गाडीतच ऱ्हायचं. कुणाच्या ओसरीवर पाय नाय ठेवायचा."

"आन् मधी दर्या हाय, त्याचं काय?"

"गाडी मचव्यात चढवायची."

"अवो, बेट केवढं, गाडी केवढी! लोक तिथं चालत फिरून दुपारी माघारी येत्यात."

"येऊ देत. मी बैल काठावर सोडून जायचा नाय. तांडेलाला इचारलंय. गाडी, दोन बैल आन् एक माणूस मावतंय."

"एक? मंग मी?"

"तू काठावर बस. बेट तिथनं बी दिसतंय."

"नवस कुणी बोललाय?"

"तू."

"कशापायी?"

"आपला चांद्या पोट फुगून पडला व्हता म्हणून."

"उठला का नाय?"

"उठला की. दुसऱ्या दिशी नांगराला व्हता."

"मंग देवापुढं जायचं कुणी? मी आन् चांद्यानं. तुमचं काय काम हाय तिथं?"

"आन् मी काय करू गं?"

"दुसऱ्या बैलाला घेऊन गाडीत ऱ्हावा, हौस हाय ना तुमाला! आन् रताळी उकडून ठेवा. आमी दोघं भुकेजून येऊ."

"चांद्याला पेंढा हाय की."

"शिवरात्रीला? त्याचा बी उपास हाय."