प्लंबरच्या घरचा नळ

"चार दिवस माणसाला टांगून ठेवलंय तुम्ही!" प्लंबर रिपोर्टच्या खिडकीवर गरजला. "मूत्रपिंडातली गाठ साधी की वाईट, एवढंच सांगायला?"

"पाच वाजता डॉक्टर सांगतील, काका. बसा," खिडकीतली मुलगी म्हणाली.

शेजारी स्वतःच्या रिपोर्टसाठी ताटकळलेल्या शिक्षिकेने वह्या तपासणं थांबवलं.

"बसा हो," प्लंबरची बायको म्हणाली. "गिऱ्हाइकांना तुम्हीही असंच लटकवता."

"माझा जीव जातोय आणि तुला थट्टा सुचतेय?"

"मग रडू? घरचा नळ सात वर्षं गळतोय, तेव्हा रडले का?"

"गाठ वाईट निघाली तर?"

"दोघं मिळून निस्तरू. पण गळक्या नळाशेजारी नाही."

"आणि साधी निघाली तर?"

"मग सबबच संपली!"

प्लंबर खो खो हसला. शिक्षिकेलाही हसू आवरेना.

"हसण्यावारी नेऊ नका," बायको म्हणाली. " रिपोर्ट काहीही येवो, आज नळ बदलणार की नाही? बोला!"