किल्ली कोणी मागितली?

सिनेमे ऑनलाइन दाखवणाऱ्या एका कंपनीचा मालक आणि त्याचा तंत्रज्ञ दातांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी बसलेल्या मुलीने सुजलेल्या गालावरचा हात न काढता कान टवकारले.

“सिनेमा उद्या येणार, आणि आजच फुकट फिरतोय! कुलूप लावलं होतंस ना?”

“कुलूप शाबूत आहे, साहेब. आपल्याच सर्व्हरने किल्ली, म्हणजे सिनेमा उघडणारा कोड, दिली.”

“म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. आणि आपलं कुंपण तू!”

“परवानगी फक्त आपल्या दोघांना होती. माझ्या घरच्या टीव्हीलाही दे, असं नंतर तुम्हीच म्हणालात.”

“बरं, मग?”

“काल दुपारी किल्ली तिथूनच मागितली गेली. घरी कोण होतं?”

“...मेहुणा.”

“मग आता?”

“हे आणखी कोणाला बोललास?”

“अजून नाही.”

“बोलूही नकोस. परवानगी लावताना तुझ्याच हातून चूक झाली, असं लिहून दे.”