लागू नसेल ते खोडा

भावना : बसू नका अजून. आधी ओळखपत्र दाखवा.

हिंदुराव : हे बघा की ताई. फोटो जुना हाय, पण मीच. हिंदुराव पोवार. दवाखान्याच्या कॅन्सर नोंदणीतनं आलोय.

भावना : शिक्का पुसलाय यावरचा.

हिंदुराव : घामानं पुसलाय. उल्हासनगरपासनं बदलापूरपर्यंत घरं हुडकत फिरायचं म्हणजे काय व्हणार?

भावना : वडील कामाला होते त्या कंपनीची माणसंही ओळखपत्र घालूनच आली होती. आईची सही घेऊन गेली. नंतर कळलं, दारूमुळे लिव्हर गेलं असं वर लिहिलेलं होतं. आण्णांनी कधी दारूला हात लावला नाही.

हिंदुराव : मी कंपनीचा न्हाई. मला सहीबी नको. पेशंटला एकदा बघायचं, दोन गोष्टी इचारायच्या, झालं. हरिचंद्र लक्ष्मण रोकडे. घरात हाईत न्हवं?

भावना : काय म्हणालात?

हिंदुराव : हरिचंद्र रोकडे. तुमचे वडील न्हवं?

भावना : माझे वडील सहा वर्षांपूर्वी वारले.

हिंदुराव : ताई, आमच्याकडं तसं न्हाई.

भावना : तुमच्याकडे कसंही असू द्या. माझ्या वडिलांना मीच ओळखते ना?

हिंदुराव : रागवू नका. ह्या जानेवारीत तुमच्या घरनं कार्ड आलंय. पेशंट हयात. गेल्या साली तेच. त्याच्या आदल्या सालीबी.

भावना : आमच्या घरातून कोणी असं लिहिणार नाही. दाखवा कार्डं.

(हिंदुराव पिशवीतून सहा पोस्टकार्डं काढून स्टुलावर मांडतो.)

हिंदुराव : दवाखाना दर साली जबाबी कार्ड धाडतो. ‘हयात’, ‘मयत’, दोन शब्द छापलेले. खाली सूचना, लागू नसेल ते खोडा. सहाच्या सहा कार्डांवर मयत खोडलंय. सही एकच. आता मी इचारू का, घरात अजून कोण राहतं?

भावना : ही सही तुम्हीही करू शकता.

हिंदुराव : मला काय मिळणार त्यातनं?

भावना : ते मला माहीत नाही, म्हणून तर विचारतेय. सहा वर्षांनी एकाच पेशंटसाठी माणूस कशाला धाडलाय?

हिंदुराव : कारण एकच उरलाय. लिव्हरच्या कॅन्सरचा हिशेब लावलाय आमच्या डॉक्टरांनी, कळल्यापासनं पाच वर्षं किती जण जगतात ह्याचा. पंधरा वर्षांचे तीन तुकडे पाडलेत. तुमच्या ह्या पट्ट्यात पहिल्या पाच वर्षांत कळलेल्यांपैकी कुणी न्हाई. दुसऱ्या पाचातलंबी न्हाई. तिसऱ्यात तेवीस माणसं, त्यात एक. आलेख पहिल्यांदा वर गेलाय.

भावना : आणि तो एक म्हणजे आण्णा.

हिंदुराव : व्हय. डॉक्टर म्हणाले, हिंदुराव, ह्या माणसाला बघून या. औषधाचा गुण हाय का दुसरं काय.

भावना : बाकीचे बावीस मेले हे कसं ठरवलंत? तेही कार्डावरूनच?

हिंदुराव : चौदांचे दाखले मी सोता नगरपालिकेतनं काढलेत. पाच जणांच्या घरी जाऊन इचारलं. तिघांची कार्डं परत आली, पत्ता सापडला न्हाई.

भावना : मग ते तिघे मेलेले धरलेत?

हिंदुराव : न्हाई. शेवटचे दवाखान्यात दिसले त्या दिवसापर्यंत जिवंत धरायचे. पुढचं आपल्याला ठाऊक न्हाई, म्हणून पुढं धरायचेच न्हाईत. तुम्ही बारीक इचारता. मास्तरीण काय?

भावना : ग्रंथालयात आहे. आई, जरा बाहेर ये.

कौसाबाई : कुकर लावलाय गं. कोण आलंय?

भावना : ही सही कोणाची आहे?

कौसाबाई : माजीच. कुठून आणली तुमी?

भावना : तूच पाठवलीस? सहाही?

कौसाबाई : येत व्हती, म्हणून टाकली.

भावना : कोणी सांगितलं तुला हयात लिहायला? कंपनीच्या माणसांनी? खरं सांग.

कौसाबाई : मला कोण सांगनार? आणि लिवलं कुठं मी? लिवायचं असतं तर मयत लिवलं असतं. ते छापलेलंच व्हतं. ते ठेवायचं, तर हयातवर रेघ मारायला लागत व्हती.

भावना : मग?

कौसाबाई : पेन घेऊन बसली व्हती दुपारभर. नाय झालं माज्यानं. दुसऱ्या शब्दावर मारली, टाकली पेटीत. वाटलं, संपलं. तर दुसऱ्या सालाला परत आलं.

भावना : मला का नाही सांगितलंस?

कौसाबाई : तू त्यांचं नाव काढलं तरी उठून जायचीस. तुला काय सांगू?

हिंदुराव : मावशी, वारले कधी? तारीख सांगा. नगरपालिकेचा दाखला असला तर बरं.

भावना : मी आणते. वीस जुलै दोन हजार एक.

हिंदुराव : आजार कळला नऊ मार्चला. म्हणजे चार महिने अकरा दिवस.

कौसाबाई : आता काय व्हईल? केस करतील आमच्यावर?

हिंदुराव : कशाची केस, मावशी? आकडा बदलंल, एवढंच. तेवीसातलं कुणीच ऱ्हाणार न्हाई. खरं सांगू का ताई, कार्डं हाईत, सही हाय. मी आज आलोच नसतो तर कुणाला पत्ता लागला नसता.

भावना : असं का बोलताय?

हिंदुराव : चिखलोलीत एक बाई हाय, बनूबाई. ह्याच आजाराची. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, तुमच्याच भागातला एक जण सहा वर्षं झाली जगतोय. तवापासनं ती गोळ्या घेती. परवा मला म्हणाली, त्यांची गाठ घालून द्या.

भावना : आम्हालाही आकडा सांगितला होता. शंभरात दोन. आण्णा दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाले, त्या दोनातला एक मी. त्यानंतर त्यांचं मला गावची जमीन दाखवायचं राहिलं, माझ्याशी बोलायचं राहिलं. सगळं बरं झाल्यावर, म्हणायचे. तारीख लिहा तुम्ही. माझ्यासमोर लिहा.

हिंदुराव : लिहिली. बघा.

भावना : आता तुमच्या नोंदीतलं हयात खोडा.

हिंदुराव : खोडलं. पण त्या बाईला मी काय सांगू? उद्याच जायचंय तिकडं.

भावना : सांगा, घराला कुलूप होतं.

हिंदुराव : आता तर म्हणत होता...

भावना : मी कागदाचं म्हणत होते. तिला कुलूप सांगा.

कौसाबाई : नको. कुलूप सांगितलं तर ती परत धाडील यांना. मग परत. मला ठाऊक हाय ते. चिखलोलीत कुठं राहते?

भावना : आई, तू कशाला जातेस? काय बोलणार तिच्याशी?

कौसाबाई : बघू. भाऊ, घरी कोण हाय तिच्या?

हिंदुराव : सून हाय. ती कामाला जाती दिवसा.

कौसाबाई : मग दुपारी जाते. तिला भात जातो का अजून?