सोन्याच्या ओळीतलं तांबं

मंडळी, जरा पुढं सरका. मागं पायरीखाली उभे आहेत, त्यांनाही ऐकू जाऊ दे. आज एकच विचारतो — जो दुसऱ्याला शिकवतो, त्याला ते स्वतःला उमगलेलं असतं का? लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

धामणखेड नावाचं गाव. तिथल्या हायस्कुलात पिंगळे मास्तर रसायनशास्त्र शिकवायचे. आणि काय शिकवायचे म्हणता! मूलद्रव्यांचा तो तक्ता असतो ना भिंतीवर, चौकोनाचौकोनाचा? मास्तर तो झाकून ठेवायचे. पोरांना चिठ्ठ्या वाटायचे. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त गुण. ‘मऊ धातू, सुरीनं कापता येतो, पाण्यात पडला की भडकतो.’ — आमच्या देवस्थानच्या ट्रस्टींसारखा! हसू नका, समोरच बसलेत. — मग ज्याचे गुण जुळतील त्यांनी एकामागं एक उभं राहायचं. झाली एक ओळ. झालं एक घराणं.

त्या वर्गात रोहिणी होती. गेणूची पोर, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. मी वस्ती सांगितली आणि जात तुम्ही ओळखलीत. ओळखलीत ना? बघा, किती पटकन!

रोहिणीच्या चिठ्ठीवर होतं, ‘पत्रा होतो, तार निघते, वीज झरझर वाहते.’ ती गेली आणि तशाच दोन चिठ्ठ्यांच्या पुढं उभी राहिली. मास्तरांनी नावं फोडली. ती तांबं! मागं चांदी, तिच्या मागं सोनं. पोरं फिदीफिदी हसली — तांबं कुठं, सोनं कुठं? मास्तर म्हणाले, “हसता काय? भाव बाजार ठरवतो. इथं गुण बघतात.” रोहिणीनं ते काळजात ठेवलं. एम.एस्सी. झाली, आणि त्याच शाळेत मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मास्तरांची छाती केवढी फुगली! लेक म्हणायचे तिला.

आला देवाचा उत्सव. पंगतीची व्यवस्था त्या वर्षी मास्तरांकडं. सभामंडपात मानकरी आणि शाळेचे शिक्षक, ओढ्यापलीकडचे खाली दीपमाळेजवळ. कुणी ठरवलं? कुणीच नाही. तसंच चालत आलेलं.

रोहिणी शिक्षकांच्या ओळीत बसली. का नाही बसणार? शिक्षिकाच ती. पानावर मीठ पडलं, कोशिंबीर पडली. आणि मानकऱ्यांतल्या तात्या खोतांनी पानावरचा हात आखडला. नुसतं मास्तरांकडं बघितलं.

मास्तरांच्या हातात वरणाचं पातेलं. त्यांना वाटलं, आपण काही बोललो नाही तर तात्या चारचौघांत पोरीला बोलतील. आपणच गोडीनं सांगावं. ही त्यांची माया बरं का, मंडळी! वाकले आणि हळूच म्हणाले, “रोहिणी, बाळ, तू बाबांजवळ बस ना. ते एकटेच आहेत तिकडं.”

रोहिणीनं वर बघितलं. “सर, तुम्ही चिठ्ठीवर नाव का लिहीत नव्हता?”

मास्तरांना उत्तर येत होतं. वीस वर्षं तेच तर शिकवत होते! पण ते पातेल्यातलं वरण ढवळत राहिले. ती उठली, आपलं पान उचललं आणि पायऱ्या उतरून गेली. मास्तरांनी शेजारच्या पानावर वरण वाढलं. हो, वाढलं. पंगत पुढं सरकली.

रोहिणीनं वर्ष संपायच्या आत बदली मागून घेतली. मास्तरांनी चिठ्ठ्या कपाटात टाकल्या, त्या पुन्हा काढल्या नाहीत. आता धामणखेडची पोरं तक्ता पाठ करतात. घडाघडा म्हणतात. तांबं, चांदी, सोनं एका ओळीत का, ते विचारलंत तर एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

मास्तर वाईट होते का हो? नव्हते. वाईट माणसाची गोष्ट सांगून मी तुम्हाला सुखानं घरी जाऊ देणार नाही. मास्तर तुमच्यासारखे होते. चांगले.

आता आरती होईल. तांब्याच्या ताम्हनात निरांजन, देवाच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट — देवाला दोन्ही चालतं. मग प्रसाद. मघाशी येताना मी बघितलं, मंडपात एक पंगत मांडलीय आणि पायरीखाली दुसरी. मंडपात पहिलं पान माझं, कीर्तनकार बुवांचं, समोर रांगोळीसुद्धा काढलीय.

ते पान उचला, आणि मला पायरीखाली वाढा. मी तिथं बसतो. माझ्या शेजारी कोण येऊन बसतंय, तेवढं बघू.