पडद्यावरच्या माणसाच्या चिठ्ठ्या

मी, नरहर दत्तोपंत पांढरीपांडे, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (सहायक शिक्षक), राहणार वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. आज दिनांक १७ फेब्रुवारी १९८५ रोजी स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगतो की,

गावात दरवर्षी टुरिंग टॉकीजचा तंबू लागतो. इंग्रजी चित्र असले की मशीनशेजारी बसून माइकवर त्याचा मराठीत अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे असते. तीन वर्षांपूर्वी परग्रहावरच्या माणसाचे एक चित्र आले होते. आपला ग्रह विझू नये म्हणून तो बायकोला मागे ठेवून यानातून निघतो, एवढीच गोष्ट. गावाने ते चौदा दिवस पाहिले.

सोमवारी त्याचा दुसरा भाग लागला. त्यात उघड होते की ग्रह विझतच नव्हता. हा बायकोला कंटाळून गेला आणि परत फिरकला नाही. चार-सहा कॉलेजची पोरे म्हणाली, डोके लावून काढले आहे. बाकीच्यांनी पडद्यावर चपला फेकल्या. मला स्वतःला तो भाग मुळीच पटला नाही.

मंगळवारपासून आम्ही दहा-बारा गावकरी आमच्यातल्याच रूपराव यांच्या ओट्यावर जमून त्या माणसाची मागची हकीकत नव्याने लिहू लागलो. गावातल्या आनंदाबाईही येत. त्यांचे पती चंद्रभान सहा वर्षांपासून परागंदा आहेत. बाई एकच म्हणाल्या, "गुरुजी, तो चिठ्ठ्या लिवत होता, पण पोचत नवत्या, असं टाका." ठरले की चिठ्ठ्या यानाचा कप्तान दाबून ठेवतो. पण पडद्यावर त्या जागी तो हसताना दिसतो, म्हणून रूपराव म्हणाले, "मंग तो हासून काऊन राह्यला?" त्यावर तासभर वाद झाला. शेवटी, कप्तान बाजूला उभा आहे म्हणून हसतो, असे वहीत घेतले.

गुरुवारपासून मी माइकवर हीच हकीकत सांगू लागलो. पडद्यावर तो मोजके तीन शब्द बोलतो आणि माझे वाक्य लांब. त्याचे तोंड मिटले तरी मी बोलतच असे. कोणी तक्रार केली नाही. आनंदाबाई रोज पुढे सतरंजीवर बसत.

काल शनिवारी सायंकाळी सातच्या खेळाला वर्ध्याचे वासुदेवराव आले होते. ते कचेरीत कारकून आहेत, इंग्रजी जाणतात. मी चिठ्ठ्यांचे सांगू लागताच ते उभे राहून ओरडले, "मास्तर खोटं सांगतात. एकही चिठ्ठी लिहिली नाही, असं म्हणतो तो!" लोकांनी त्यांना खाली बसवायला पाहिले. तेव्हा पुढून आनंदाबाईंनी विचारले, "खरंच असं म्हणते तो?" वासुदेवराव म्हणाले, "अहो बाई, अशी गेलेली माणसं कुठं लिहितात?"

त्यानंतर मी माइक ठेवला, घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि त्यांच्याकडे फेकली. त्यांच्या कपाळाला खोक पडली. रूपराव किंवा अन्य कोणाचा यात हात नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत मी विद्यार्थ्यावरही हात उचललेला नाही. मला लाज वाटते. वासुदेवराव खरे तेच बोलले होते.

तंबूबाहेर आनंदाबाई भेटल्या. म्हणाल्या, "खुर्ची काऊन फेकली गुरुजी? मले पयल्याच दिवशी समजलं होतं. त्याच्या तोंडावरूनच दिसते. पण एवढी मानसं माह्यासाठी डोकं लावून राह्यली, म्हून मी येत होती."  हकीकतीची वही हजर करीत आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखविला. माझ्या विनंतीवरून एक दुरुस्ती केली. आनंदाबाईंच्या पतीविषयी 'परागंदा' लिहिले आहे, तेथे 'कामानिमित्त बाहेरगावी' असे वाचावे. बाकी सर्व खरे आहे.